खुर्चीवर बसून घेतलेली बॅटरी

१७ मार्च १९७४, रविवार

साहेब मुलीकडे अकोल्याला. कचेरीची जीप उभी. धुतली, ऑइल पाहिलं, लॉगबुकात शून्य कि.मी. लिहिलं. दिवसभरात माझं जे काही होतं ते लॉगबुकात मावत नाही, म्हणून ही वही.

दुपारी विहारात सभा. वर्गणी काढून वस्तीचा स्वतःचा सेट आला. अँप्लिफायर, तबकड्या वाजवायचं यंत्र, माइक, मोठा भोंगा. उकंडा तो सेट न्हाऊ घातलेल्या पोरासारखा पुसत बसला होता, कोणाला बोट लावू देईना. एरवी हा माणूस पाटलाच्या वावरात सालदार, कोणी हाक मारली तर बैल सोडायलाच मारतात. आज दहा जण "उकंडाभौ, उकंडाभौ" करत होते. सेट तोच चालवणार, हे आधीच ठरलं.

यंदा भीमजयंतीला मालेगावच्या सेटवाल्याची मनधरणी नाही. गेल्या वर्षी ऐन वेळी म्हणाला, तुमच्या वस्तीत लाइट नाही, माझी बॅटरी खराब होते. लाइटचे खांब गावात आले आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबले. त्यांना पुढं यायला काय होतं ते विचारायची सोय नाही.

तर आता बॅटरी पाहिजे. पुंजाजीबाबा म्हातारे, पण सभा त्यांच्याच शब्दावर चालते. म्हणाले, "श्रावन, तू रोज जीपच्या बॅटरीसंगं खेळतं. तुह्याइतकं कोनाले समजते? तूच पाहून आन." बैल घ्यायला जाताना जाणकार माणूस नेतात, तसा मी. छाती फुगली. खोटं कशाला लिहू.

२१ मार्च

साहेबांची कारंज्याला मीटिंग. उकंडाला शेलूबाजारच्या फाट्यावर उभं राहायला सांगितलं होतं, मागच्या सीटवर घेतला. साहेबांनी विचारलं कोण, म्हटलं गावचा आहे. साहेब भला माणूस, पुढे काही बोलले नाहीत.

साहेब मीटिंगला बसल्यावर बॅटरीच्या दुकानात गेलो. जीप दारात लावली, अंगात खाकी. उकंडा माझ्या आधी उतरला आणि पायरीवरूनच मोठ्यानं बोलला, "जयंतीच्या सेटासाठी पायजे." शेटनं त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मागून मी आलो, तर गादीवरून उठला. "आइए साहब, या, बसा." खुर्ची ओढली, पंखा माझ्याकडे वळवला. मला चहा कपबशीत.

उकंडा पायरीवरच. शेटनं विचारलं, "हा तुमचा माणूस का?" मी म्हटलं, "गावातला आहे."

त्याला चहा काचेच्या गिलासात, बाहेर. पिऊन झाल्यावर त्यानंच गिलास धुतला आणि कोनाड्यात उपडा ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं.

बॅटरी घेतली. कोरी, आजच ॲसिड भरून चार्ज केली म्हणाला. तार लावून बल्ब पेटवून दाखवला. वरच्या पोस्टवर, जिथं तारा लावतात तिथं, थोडे ओरखडे आहेत. ठेवता-काढता पडले असतील. असो.

येताना उकंडा बॅटरी मांडीवर घेऊन. खड्डा आला की पोटाशी धरायचा. साहेबांच्या देखत बोलेना, पण गावच्या फाट्यावर बॅटरी उतरवायला मी खाली आलो तेव्हा म्हणाला, "दादा, तुमाले खुर्ची देल्ली त्यानं. कपात चहा देल्ला." डोळे असे चमकत होते, जणू बॅटरी नाही, खुर्चीच विकत घेऊन आलो.

२२ मार्च

खुर्चीची गोष्ट वस्तीभर. माझी बायको पंचफुला पाणी भरून आली ती हसतच. "बाया तेच बोलून राह्यल्या. म्हने शेट उठून उभा राह्यला." पुंजाजीबाबा मुद्दाम घरी आले, पुन्हा सगळं ऐकलं. पंखा वळवला, हे त्यांना फार आवडलं. उकंडाच्या गिलासाचं कोणी बोललं नाही. त्यानं सांगितलंच नसेल.

विहारात बॅटरी ठेवली होती. उकंडाची माय जुन्या सवयीनं हळदकुंकू घेऊन आली. बाबांनी हसून परत पाठवली. मग मेणबत्ती लावली, वंदना झाली. त्या मेणबत्तीच्या उजेडात मी पोस्टवरचे ओरखडे पुन्हा पाहिले. मग मेणबत्ती जरा दूर सरकवली.

३० मार्च

सेट लावून पाहिला. आवाज नदीपार गेला. उकंडानं "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" इतकं म्हटलं की पोरांनी त्याला तेच नाव ठेवलं. पण बॅटरी लवकर उतरली. मला विचारायला आला. "दादा, एवढ्यात कशी बसली?"

"नवी हाय. दोन-चार चार्जिंग झाल्यावर खुलते."

असं काही नसतं. नवी पहिल्या दिवसापासून चालते. मी हे त्याला का सांगितलं ते...

७ एप्रिल

उकंडा शेलूबाजारला चार्जिंगवाल्याशी भांडून आला. सायकलच्या कॅरिअरला बॅटरी बांधून नेतो, आणतो. चार्जिंगवाला म्हणाला, ही वापरलेली आहे, कोणी बनवलं तुला? उकंडा त्याच्या अंगावर गेला. "आमच्या श्रावनभौनं पाहून घेतली. सरकारी जीप चालवते तो. तुले जास्त समजते का त्याच्याहून?" हे मलाच रंगवून सांगत होता, शाबासकी मिळेल म्हणून.

मी म्हटलं, "भांडत नोको जाऊ बे लोकायसंगं."

एवढंच म्हटलं. तिथेच सांगून टाकलं असतं तर जयंतीला सात दिवस होते, काहीतरी केलं असतं. पंचफुलेवर विनाकारण ओरडलो, भाकरी करपली म्हणून. करपली नव्हती.

१४ एप्रिल

मिरवणूक पहिल्यांदा गावाच्या मोठ्या रस्त्यानं. परवानगी होती, पोलीस होते. बैलगाडीवर भोंगा, गाडीत उकंडा, धुतलेला सदरा, डोक्याला निळा फेटा. वस्तीतून निघताना आवाज असा खणखणीत की म्हाताऱ्यासुद्धा पाऊल उचलून चालत होत्या.

चावडीपुढं आलो आणि आवाज खाली बसला. गाणं रेड्यासारखं हंबरायला लागलं, मग घरघर, मग काहीच नाही. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं. आधी शांत, मग एक हसला, मग सगळे. उकंडा तारा काढत होता, लावत होता. त्यानं गर्दीत मला शोधलं. मी माझ्या फेट्याचा शेमला सारखा करायला लागलो.

पोरांनी नरड्यानं घोषणा दिल्या. मिरवणूक पूर्ण झाली. कोणी रडलं नाही, कोणी थांबलं नाही. मी मात्र मनातून तिथंच, चावडीपुढं उभा आहे अजून.

१५ एप्रिल

वही माझी, वाचणारा मी. मग इथं तरी सरळ लिहितो.

दुकानातच समजलं होतं. पोस्टवर नुसते ओरखडे नव्हते, क्लॅम्पच्या दातांच्या खुणा होत्या, वरून कानशीनं घासलेल्या. वरचं डांबर ताजं ओतलेलं, वास येत होता. एका बाजूला बांधायची पट्टी घासून पेटीचं रबर गुळगुळीत झालेलं. आणि नव्या बॅटरीत ॲसिड गिऱ्हाइकासमोर भरतात, आधी भरून ठेवत नाहीत. आंधळ्यालाही कळावं. मी वाकून पाहिलं, बोटानं चाचपलं आणि मान हलवली. ती मान शेटनं पाहिली.

बोलायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण बोललो असतो तर वाद झाला असता. वाद झाला की शेट विचारणार, तू कोण, कुठला, कोणाचा. उकंडा कोण ते त्याला पायरीवरच कळलं होतं. मी कोण ते कळलं नव्हतं. खाकी आणि सरकारी जीप पाहून त्यानं मला दुसराच कोणी समजून बसवलं. कळलं असतं तर त्या खुर्चीवरून उठायला लागलं असतं. चहा अर्धा पिऊन झाला होता.

एवढ्यासाठी. एका चहासाठी मी वस्तीला विकलं. अठरा वर्षं झाली धम्म घेऊन, माझ्या बापानं हातातला गंडा तोडून नदीत फेकला तेव्हा मी शेजारी उभा होतो. आणि मी कुठं बसायला मिळालं म्हणून खूश झालो!

१७ एप्रिल

सभा. मुद्दा एकच, बॅटरी कशानं गेली. कोणीतरी उठवलं की उकंडानं चोरून साल्याच्या लग्नात सेट वाजवला, बिदागी घेतली. उकंडा उभा राहिला. "मायच्यान नाई. साल्याचं लगन त मागच्या साली झालं." लोक हसले. हसण्यात राग होता, चावडीपुढचा.

पुंजाजीबाबांनी मला विचारलं, "श्रावन, तुले समजते. नवी बॅटरी अशी बसते काय?"

आता सांगायची वेळ होती. याहून चांगली येणार नव्हती. मी म्हटलं, "पानी आटलं असन तं बसते."

शब्दानं खोटं नाही. पाणी आटलं तर बसतेच. पण सगळ्यांनी उकंडाकडे पाहिलं. त्यानं खाली पाहिलं. "पानी त मी पाहत होतो," म्हणाला, पण आवाज आधीच गेला होता. सेटच्या पेटीची किल्ली करदोट्याला होती, ती सोडायला त्याला वेळ लागला, गाठ बसली होती. लोक वाट पाहत बसले. किल्ली बाबांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, समजणाऱ्या माणसाकडे असलेली बरी.

मी घेतली. लाज वाटली, पण घेतली.

२० एप्रिल

आज जो प्रसंग आला तो वैऱ्यावर येऊ नये.

संध्याकाळी जीप लावून घरी आलो तर उकंडा अंगणात उकिडवा बसलेला. वाटलं, कळलं याला. वाटलं, बरं झालं, आता दे चार शिव्या.

म्हणाला, "दादा, मले शिकवा."

"काय?"

"पानी किती पायजे, कवा टाकायचं. माह्याच हातानं कुठं त चुकलं असन. तुमी सांगतलं तवा समजलं. आता किल्ली नोको मले, पन चूक काय झाली ते त समजली पायजे. नाहीतं डोक्यातून जात नाही."

मी त्याला शिकवलं. अंगणात काडीनं रेघा मारून प्लेटा दाखवल्या, पाणी प्लेटांच्या वर बोटभर असावं, विहिरीचं चालत नाही, बाटलीतलंच पाहिजे. तो मान डोलवत होता. "बाटलीतलंच टाकत होतो मी," म्हणाला आणि माझ्याकडे पाहत राहिला, मी त्यात काहीतरी चूक काढीन या आशेनं. मी काढली नाही. पण "तुझी चूक नाही" हेही म्हणालो नाही.

जाताना त्यानं जयभीम घातला. मी घातला का आठवत नाही. जेवलो नाही. पंचफुलेनं कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

२५ एप्रिल

कारंजा. साहेबांना कचेरीत सोडलं आणि सरळ दुकानात. जाताना रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो, आज त्याची गादी उलटी करतो म्हणून. गिअर बदलताना मोठ्यानं बोललोही, साहेब म्हणाले काय झालं.

शेट पुन्हा उठला. पुन्हा खुर्ची. मी बसलो नाही. म्हटलं, बॅटरी जुनी निघाली, वापरलेलीच नवी बनवून दिली तुम्ही.

तो चिडला नाही. हसला. "साहब, तुम्ही स्वतः पाहिली. वाकून, हात लावून. तुम्ही पसंत केली, मी दिली. तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय फसवणार?" मग आवाज खाली. "आता लोकांना सांगणार का, मी पाहिली पण मला दिसलं नाही?"

त्याला माहीत होतं. मला दिसलं होतं, हे त्याला त्या दिवशीच माहीत होतं. मी का बोललो नाही एवढंच त्याला समजलं नसावं. आणि मग तो तेच शोधायला लागला. डोळे बारीक करून म्हणाला, "तुमचं आडनाव काय म्हणालात?"

मी काही म्हणालोच नव्हतो. आणि आजही नाही म्हणालो. माझं आडनाव! आजोबापासून चालत आलेलं, नेमणुकीच्या ऑर्डरवर टाइप केलेलं. तोंडातून निघालं नाही. "साहेब वाट पाहत असतील," म्हणालो आणि जीपमध्ये येऊन बसलो. साहेबांना यायला अजून बराच वेळ होता.

आडनाव सांगून मग गादी उलटी करायला पाहिजे होती. हे आता सुचतं.

२८ एप्रिल

बुद्धपौर्णिमेला सेट लावायचा म्हणतात. बॅटरी कुठून आणणार? एक विचार आला, जीपची काढून द्यावी एक दिवस. लगेच दुसरा आला, आधी खोटं, आता चोरी. बढती चालू आहे.

पंचफुलेला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती, हात थांबला. मग म्हणाली, "मी चार बायांमंधी किती मिरवलं ते." तिचा राग माझ्यावर की स्वतःवर, मला कळलं नाही. पुन्हा म्हणाली, "त्या उकंडाच्या बायकोनं पान्यावर यायचंच सोडलं. दुपारच्या उन्हात येते, कोनी नसलं म्हंजे." हे मला माहीत नव्हतं.

५ मे, रविवार

उद्या पौर्णिमा. सकाळी वंदनेनंतर सभा आहे.

आज जाऊन आलो. उकंडा पाटलाच्या वावरात कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होता, एकटाच. धुऱ्यावर उभं राहून हाक मारली. आला, घाम पुसत. मी वेळ लावला नाही, लावला असता तर परत फिरलो असतो.

"उकंडा, बॅटरी जुनीच होती. घेतानाच दिसलं होतं मले."

"घेतानाच?"

"हो."

"चार्जिंगवाल्यासंगं भांडून आलो, तवा बी मालूम होतं?"

"हो."

"सभेत?"

"हो."

"अन् मी शिकवा म्हनून आलो तवा?"

याला नुसती मान हलवली. तो खाली बसला, हातातली पऱ्हाटी मोडत राहिला, बारीक बारीक तुकडे. शिवी देईल वाटलं. दिली असती तर मला बरं वाटलं असतं, म्हणूनच दिली नसेल.

"काहून मंग?" म्हणाला.

सांगितलं. सगळं. शेटनं मला दुसरंच कोणी समजून बसवलं, बोललो असतो तर उठायला लागलं असतं. "तू पायरीवर होता अन् मी आत. मले आतच राहायचं होतं," असं म्हणालो. हे वाक्य वहीतही कधी लिहिलं नव्हतं.

त्यानं तुकडे खाली टाकले. "मले वाटलं, तुमाले बसवलं म्हंजे आपल्या साऱ्यांले बसवलं. म्हनून त मी घरोघर सांगत फिरलो."



तो उठला. म्हणाला, "उद्या सभेत सांगा. मायसमोर चोर म्हटलं मले लोकायनं. बॅटरीचं सांगा. पन खुर्चीचं नोका सांगू. माही माय अजून बी येनाऱ्या-जानाऱ्याले सांगते, आमच्या श्रावनले शेटनं उठून खुर्ची देल्ली. राहू द्या तिच्यापाशी तेवढं." आणि पुन्हा पऱ्हाट्या उपटायला लागला. माझ्याकडे पाठ.

घरी आल्यापासून डोक्यात तेच. बॅटरीचं सांगितलं की पुंजाजीबाबा पहिलं विचारणार, दिसलं होतं तर गप काहून बसला? खुर्चीचं सांगायचं नाही. मग लोकांना एकच कारण दिसेल, शेटनं याचे हात ओले केले. वस्तीच्या वर्गणीत दलाली खाल्ली. पोरं मोठी होतील तरी ते पुसलं जाणार नाही. आणि दलाली खाल्ली नाही हे पटवायचं तर खुर्ची सांगावी लागेल, मग उकंडाच्या मायजवळचं तेही मीच काढून घेतलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण उद्या मी ती नाकारीन. तो "नोका सांगू" म्हणाला तेव्हा हायसं वाटलं. वाटलं, चला, याच्यावर बोट ठेवून काहीच न सांगायची सोय होईल. एवढं सगळं होऊनही मन पळवाटच पाहत होतं. माझ्याइतका नालायक माणूस या वस्तीत दुसरा नसेल.

पंचफुला म्हणते, सांगून टाका, मंग लोक काय म्हनतील ते म्हनतील, मी हाय. तिला म्हणणं सोपं आहे. नाही, तिलाही सोपं नाही, पाण्यावर तिलाच जायचंय.

सभेत पहिल्यांदा उभं राहायचं. बसून बोलायचं नाही. त्यानंतर काय बोलायचं ते अजून ठरत नाही.

उकंडाही येणार आहे. दाराशी, मागं बसतो म्हणाला. तिथून माझं तोंड सरळ दिसतं.